सरकारसाठी ओली वाळू

प्रिय ठमे,

पाकीट जाड लागलं म्हणून घाबरू नकोस. मी बरा आहे, अक्का बरी आहे, घर जागेवर आहे. पत्र लांबलंय एवढंच. सातवीत शाळा सुटली, त्यानंतर एवढं लिहायची वेळ माझ्यावर आली नव्हती, तेव्हा अक्षराला हसू नकोस. मधेमधे गिरगटलेलं दिसेल, तिकडेही लक्ष देऊ नकोस. आणि एक ऐक, शेवटचं पान आधी वाचू नकोस. लहानपणी गोष्टीचं पुस्तक हातात आलं की तू ते मागून उघडायचीस, वाघ शेवटी मरतो याची खात्री करून घ्यायचीस आणि मगच पहिल्या पानावर यायचीस. ही खोड तुला माझ्याकडून आली, तुझी आई तसं नेहमी म्हणायची. पण या वेळी मी लिहिलंय त्याच क्रमाने वाच. हे फोनवर सांगता आलं असतं असं तुला वाटेल. नसतं आलं. फोनवर मी सांगायला म्हणून सुरुवात करतो आणि नुसतं विचारतच सुटतो, हे तूच मला एकदा ऐकवलं आहेस.

सांगायचं आहे ते सरकारबद्दल. तू तिला पिंजऱ्यासकट माझ्या गळ्यात घालून बोगद्याच्या कामावर गेलीस. तिथल्या वसाहतीत जनावर चालत नाही म्हणून सरडी बापाकडे. खालच्या मजल्यावर जाऊन अक्काला हे सांगितलं तेव्हा तिने कपाळावर हात मारला. सरड्याची धाव कुंपणापर्यंत असं लहानपणापासून ऐकत आले, म्हणाली, हिची तर थेट तुझ्या बैठकीच्या खोलीपर्यंत आली. तू तिला शॅमेलिऑन म्हणतेस, माझी जीभ तिथे अडखळते, मी सरडीच म्हणतो. पण 'सरकार' हे नाव तू बरोबर ठेवलंस. एक डोळा इकडे, एक डोळा तिकडे, एक पाऊल उचललं की ते पुढे टाकावं की मागे घ्यावं याचा बराच वेळ विचार, आणि आपण काहीही अर्ज केला तरी उत्तर नाही. ज्या घरात मी आयुष्यभर चप्पल घेऊन किड्यांच्या मागे धावलो, त्या घरात आता मी सरकारच्या ताटात पडावेत म्हणून डब्यात रातकिडे वाढवतो. त्यांना गाजर किसून घालतो. अक्का म्हणते, मी तुझी सख्खी बहीण, पण मला तू एवढ्या प्रेमाने कधी गाजर किसून दिलं नाहीस.

माझा स्वभाव तुला नव्याने सांगायला नको. इस्पितळाच्या धुलाईघरात बॉयलरवर माझा जन्म गेला. वर चादरी उकळायच्या, खाली मी काट्यावर नजर ठेवून बसायचो. दाबाचा काटा आणि पाण्याची काचेची नळी. नजर हटली की घात, हे पहिल्या दिवशी सांगितलं गेलं आणि ते माझ्या हाडात जाऊन बसलं. जेवायचो तेसुद्धा काट्याकडे तोंड करून. निवृत्त झालो तेव्हा बघायला काटा उरला नाही, मग मी तुझ्याकडे बघायला लागलो. तू गेलीस, मग सरकारकडे. तू चिमुरडी होतीस तेव्हा न्हाणीघराची कडी आतून लावून घेतलीस आणि ती तुला काढता येईना. मी खांद्याने दार फोडलं, तुला उचलून बाहेर आणलं आणि त्याच दिवशी पेचकस घेऊन घरातल्या सगळ्या आतल्या कड्या काढून टाकल्या. तुझी आई म्हणाली, आता आपण काय गाणी म्हणत आंघोळ करायची. आणि तसंच झालं. आत कोणीतरी आहे हे कळावं म्हणून ती गायची, तू किंचाळायचीस आणि मी खोकायचो. शेजाऱ्यांना वाटायचं, या घरात सकाळी सकाळी काहीतरी मोठं चाललंय.

मागच्या सुट्टीला तू येऊन गेलीस, त्यानंतर थोड्याच दिवसांनी सरकारचं बिनसलं. आधी तिने खाणं सोडलं. रातकिडा समोरून चालत जायचा, ती एक डोळा त्याच्यावर फिरवायची आणि परत कुठेतरी बघत बसायची. पाणी मात्र भरपूर. फवारा मारला की पानावरचे थेंब एकामागून एक टिपायची, समाधान होत नसे. मला वाटलं, तुझी आठवण काढते. मग तिचा रंग बदलला. सरड्याने रंग बदलावा यात नवल नाही, पण हा रंग वेगळा होता. हिरव्यावर काळपट सावली, आणि त्यावर निळे नि पिवळे ठिपके, कोणी ब्रश झटकल्यासारखे. मग तिने वरची फांदी सोडली. जी सरडी कधी जमिनीला पाय लावत नव्हती ती खाली उतरून पिंजऱ्याच्या तळावर फेऱ्या मारायला लागली. या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात. कोपऱ्यात पोचली की पुढच्या पायांनी खरवडायची, थांबायची, दुसरीकडे जायची. माझ्या मनात पाल चुकचुकली.

मी बॉयलरवाला. माझ्या डोक्यात एकच उपाय येतो, ऊब. तिला गारठा लागला असणार म्हणून मी दिवा जवळ सरकवला. ती जास्तच फेऱ्या मारायला लागली. मग वाटलं, बाहेर पळायचं आहे म्हणून खरवडते. म्हणून मी कोपऱ्यांत जाड पुठ्ठे बसवले. तिने पुठ्ठे खरवडले. तो आवाज मला स्वयंपाकघरापर्यंत ऐकू यायचा आणि माझा घास तोंडातच फिरायचा. अक्काला वर बोलावून दाखवलं. तिने चष्मा लावला, वाकून बघितलं आणि म्हणाली, पोट बघ तिचं. मी म्हटलं, खात नाही तर पोट कुठून येणार. तिने चष्मा काढून पुसला आणि ती खाली निघून गेली. अक्का वाद न घालता निघून जाते तेव्हा मला जास्त भीती वाटते, हे तुला ठाऊक आहे. हे सगळं मी तुला कळवलं नाही. तुझ्या डोक्यावर डोंगर आहे, तोही खरोखरचा, त्यात सरडीची भर कशाला.

शेवटी बुटाच्या खोक्याला भोकं पाडली आणि तिला जनावरांच्या दवाखान्यात नेलं. तिथे सगळे कुत्री-मांजरी घेऊन बसलेले. खोक्यात काय आहे असं एका बाईने विचारलं, मी 'सरकार' म्हटलं, तर ती उठून दुसऱ्या बाकावर गेली. डॉक्टरबाई तरुण, तुझ्याच वयाच्या असतील. त्यांनी सरकारला हातावर घेतलं, उजेडात कुशीवर वळवलं आणि माझं बोट धरून हलकेच तिच्या पोटावर टेकवलं. कातड्याखाली गोल गोल काहीतरी हाताला लागलं. पिशवीत मटार भरावेत तसं. "अंडी आहेत, काका," त्या म्हणाल्या. "भरत आलीत. फेऱ्या मारणं, खाणं सोडणं, हे ठिपके, कोपरे खरवडणं, ही सगळी त्याचीच लक्षणं. ती जागा शोधतेय."

ठमे, मला आनंद व्हायला हवा होता. माझ्या डोक्यात मात्र भलतंच शिरलं. ही माझ्या देखरेखीखाली होती. खिडकीला जाळी आहे, पिंजऱ्याला खटका आहे, मी दिवसभर समोर बसलेला. माझ्या नजरेसमोर हे झालंच कसं. मागच्या बाजूच्या गच्चीवर साधे सरडे ऊन खात पडलेले असतात, त्यातलाच एखादा. मी विचारलं, पण नर आला कुठून. एकदा नाही, दोनदा विचारलं. डॉक्टरबाई हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "काका, हिला अंडी व्हायला नर लागतच नाही, वयात आली की होतात. आणि समजा आला असता, तरी आता त्याची चौकशी करून हिचा काय फायदा? हिला आता खड्डा हवाय."

मग त्यांनी समजावलं. खोल भांडं, त्यात वाळू, तिला बोगदा करता येईल एवढी. मनाजोगी जागा मिळाली नाही तर ती अंडी आतच धरून ठेवते. फार दिवस धरली तर ती आत सडतात, आणि मग तीही जाते. खोकं छातीशी धरून मी चालत घरी आलो, बसचा हिसका बसायला नको म्हणून.

धुण्याचा जुना खोल टब होता तो घासला. कोपऱ्यावर बांधकाम चाललंय तिथल्या मुकादमाला मागून वाळू आणली. आणि इथे मी तो घोळ घातला जो माझ्यासारखाच माणूस घालू शकतो. आयुष्यभर मी ओलीशी भांडलो. धुलाईघरात ओल म्हणजे गंज, ओल म्हणजे बुरशी. मी ती वाळू धुतली, चाळली, गच्चीवर पत्र्यावर पसरून दोन उन्हं दाखवली आणि मिठासारखी भुरभुरीत करून टबात भरली. हात फिरवून बघितला आणि स्वतःवरच खूष झालो. सरकार टबात उतरली, तिने उकरायला सुरुवात केली. जेवढं उकरायची तेवढं वरून ढासळायचं. पुन्हा उकरलं, पुन्हा ढासळलं. शेवटी सगळी वाळू तिच्या डोक्यावर आली. डोळ्यात कण घेऊन ती कशीबशी बाहेर आली आणि काळीठिक्कर पडून पिंजऱ्याच्या जाळीला लटकून राहिली. डॉक्टरबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, वाळू मुठीत दाबा, मूठ उघडल्यावर गोळा राहिला पाहिजे पण पाणी गळता कामा नये. बोट खुपसून काढा, भोक तसंच राहिलं पाहिजे. तेव्हा मला आठवलं, याच टेबलावर बसून साखरेच्या डब्यात चमचा खुपसून तू मला तुझं काम समजावलं होतंस. कोरडी साखर ढासळते, थोडा दमटपणा असला की भिंत उभी राहते, बाबा, सगळा खेळ त्या ओलीचा आहे. मुलगी डोंगर पोखरते आणि बापाला सरडीचं बीळ जमेना. अक्काला हे सांगितलं, ती पहिल्यांदा मनापासून हसली.

वाळू ओली केली. या वेळी सरकार टबात उतरली ती खणतच राहिली. पाठ गेली, मागचे पाय गेले, नुसती शेपटी बाहेर. मी खुर्ची ओढून समोर बसलेला, डोळ्यांत तेल घालून. आत काय चाललंय ते दिसेना. भिंत नीट उभी आहे की नाही, ती अडकली तर नाही, श्वास घेते की नाही. मला राहवेना. मी बॅटरी आणली आणि वाकून भोकात उजेड टाकला. शेपटी थांबली. मग ती हळूहळू मागे सरकत बाहेर आली, वळली, आणि एक डोळा माझ्यावर आणि एक त्या खड्ड्यावर ठेवून किती तरी वेळ तशीच उभी राहिली. त्या डोळ्यात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. मग ती वर चढून गेली आणि त्या टबाकडे तिने पुन्हा बघितलं नाही.

पुढचे दिवस वाईट गेले. ती भर दिवसा डोळे मिटून बसायला लागली. डोळ्यांभोवतीचं कातडं आत ओढलं गेलं. फांदी धरलेली पकड सैल झाली. मी पुन्हा दवाखान्यात गेलो, या वेळी खोकं न घेता, तिला हलवायची भीती वाटली म्हणून. डॉक्टरबाईंनी सगळं ऐकून घेतलं, बॅटरीचंही. म्हणाल्या, आणखी एक संधी देऊ, नाही जमलं तर सुई द्यावी लागेल, कदाचित कापावं लागेल, आणि मग मी खात्री देत नाही. पिंजऱ्यावर चादर टाका आणि तुम्ही घराबाहेर जा. मी विचारलं, आणि आत काही झालं तर मला कसं कळणार. "नाही कळणार," त्या म्हणाल्या. "तुम्ही बघताय तोवर ती घालणार नाही, काका. तिला वाटायला हवं की कोणी बघत नाही. आणि तिला नुसतं वाटून उपयोग नाही, खरंच कोणी बघता कामा नये."

असं मला यापूर्वी एकदाच कोणी सांगितलं होतं. तू व्हायची होतीस तेव्हा. मी तुझ्या आईच्या पलंगापाशी उभा, तिच्या कपाळाकडे बघतोय, दाराकडे बघतोय, नर्सच्या तोंडाकडे बघतोय. तिला कळ आली की मीच ओठ चावायचो. शेवटी तिने माझा हात बाजूला केला आणि म्हणाली, "तुम्ही जरा बाहेर जा हो. तुम्ही समोर असलात की मला तुमचीच काळजी घ्यावी लागते." मी बाहेर जाऊन व्हरांड्यातल्या नळावर माझा हातरुमाल धूत बसलो. इतका धुतला की त्याची किनार सुटली. तेवढ्यात तू रडलीस. तुझं पहिलं रडणं मी नळ चालू असताना ऐकलं, आणि नळ बंद करायचं भान मला राहिलं नाही.

तर मी धुलाईघराची जुनी चादर काढली, निळ्या शिक्क्याची, आणि पिंजरा नि टब दोन्ही झाकले. फवारा मारून ठेवला. दाराला बाहेरून कुलूप लावलं. जिन्यात दोनदा परत फिरलो, पण गॅस बंद आहे एवढंच बघितलं, चादरीला हात लावला नाही. खाली अक्काकडे जाऊन बसलो. ती मटार सोलत होती. माझं बूड खुर्चीला टेकत नव्हतं, म्हणून मी बोलायला लागलो. लक्षणं सांगत सुटलो. खात नाही, नुसतं पाणी पिते. एका जागी बसत नाही, या खोलीतून त्या खोलीत जाते. कोपरे धुंडाळते. अंगावरचा रंग पालटलाय. आपण बघतोय असं दिसलं की पाठ फिरवते. अक्काचे हात थांबले. तिने माझ्याकडे बघितलं आणि अगदी हळू विचारलं, "हे तू सरडीचंच सांगतोयस ना?"

मी खोली म्हणालो होतो, पिंजरा नाही. ते मला आधी कळलंच नाही. मग कळलं. मी उठायला लागलो तर अक्काने मटाराचं भांडं माझ्या मांडीवर ठेवलं आणि म्हणाली, "बस. सोल." मी म्हटलं, तुला माहीत होतं. ती म्हणाली, "मला कोणी सांगितलेलं नाही. मला डोळे आहेत." मग बोलली का नाहीस असं विचारल्यावर म्हणाली, "ज्याचं त्याने सांगावं. मी कशाला खणू?" त्यानंतर आम्ही दोघं शेंगा सोलत राहिलो. त्याबद्दल पुढे लिहितो, आधी सरकारचं पुरं करतो.

त्या दिवशी काही झालं नाही. निदान मला तरी कळलं नाही. संध्याकाळी वर आलो, चादरीखाली सामसूम. मी माझ्या पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडलो. दुसऱ्या दिवशी पुन्हा चादर, पुन्हा कुलूप, पुन्हा मटार. अक्का म्हणाली, तुझी सरडी सुटेपर्यंत माझ्या घरात दुसरी भाजी होणार नाही असं दिसतं. त्याच्या पुढच्या दिवशी सकाळी मी चहा ओतत होतो आणि मागून आवाज आला. टप. टप. ओळखीचा आवाज. पानावरून थेंब ओढून घेतल्याचा. मी किटली खाली ठेवली आणि चादरीचं एक टोक उचललं, एकच.

सरकार सर्वांत वरच्या फांदीवर होती. हडकुळी. कातडं दोन्ही बाजूंनी लोंबत होतं, कोणाचा तरी मोठा सदरा घातल्यासारखं. नाकावर चिखल, कोपरांवर चिखल, नखांत चिखल. पण रंग हिरवा, धुतलेल्या पानासारखा. ती थेंब टिपत होती आणि माझ्याकडे तिचं लक्षही नव्हतं. टबात बघितलं तर वाळू सपाट. बोगदा नाही, भोक नाही, काही नाही. सगळं बुजवून, वरून पायांनी दाबून तिने असं सारखं केलं होतं की तिथे काही घडलंय याचा कोणाला पत्ता लागू नये. ताकास तूर लागू द्यायची नाही असं ठरवलेल्या बाईसारखं. डॉक्टरबाईंनी सांगितल्याप्रमाणे नंतर मी वाळू उपसली. तळाशी, अगदी टबाच्या बुडाला लागून, अंडी होती. पांढरी, मऊ, एकमेकांना चिकटलेली. त्यातून काही निघणार नव्हतं, ते मला आधीच सांगितलेलं होतं. तरी ती केराच्या डब्यात टाकायला माझा हात धजला नाही. तुझ्या आईच्या कुंडीत खोल पुरली. दुपारी रातकिडा सोडला. सरकारने दोन्ही डोळे एकाच जागी आणले, जीभ सुटली आणि रातकिडा गेला. मी तिथेच खाली बसलो, ठमे.

आता ज्यासाठी हे सगळं लिहिलं ते लिहितो. मागच्या सुट्टीला तू आलीस तेव्हा एवढ्या उकाड्यात माझा जुना स्वेटर घालून फिरत होतीस. ताटात वाढलेलं तसंच ठेवायचीस आणि पाण्याचे तांबे रिकामे करायचीस. आतल्या खोलीत जायचीस, कपाट उघडायचीस, बंद करायचीस, खिडकीशी उभी राहायचीस, परत यायचीस. मला वाटलं, कामावर काही बिनसलं, आणि मी विचारत राहिलो, ताप आहे का, साहेब बोलला का, पैसे हवेत का. मी बॅटरीच मारत राहिलो. तू एक दिवस आधीच निघालीस. बसपर्यंत तू एक हात कमरेवर ठेवून चाललीस आणि तुझी पिशवी मला घेऊ दिलीस, जी तू आजवर कोणाला घेऊ दिलेली नाहीस. अक्काने ते बघितलं होतं, मी नुसती पिशवी बघत होतो. तुला मूल होणार आहे असं मला वाटतं. मी चुकत असेन तर म्हातारा सरडीच्या नादाने वेडा झाला म्हणून हसून सोडून दे आणि सरकारची हकिकत तेवढी लक्षात ठेव. चुकत नसेन तर ऐक. अक्काच्या त्या एका वाक्यानंतर माझ्या तोंडाशी पहिला प्रश्न कोणता आला हे तुला सांगायला नको, तोच मी दवाखान्यातही दोनदा विचारला होता, आणि त्याचं उत्तर मला मिळालेलं आहे. या कागदांवर जिथे जिथे गिरगटलंय तिथे तिथे तुला विचारलेलं काहीतरी होतं. ते मी खोडलंय. लोक काय म्हणतील ते अक्का बघून घेईल, तिला पूर्वीपासून त्याची हौस आहे. तू यायलाच हवं असं नाही, तुला जिथे बरं वाटेल तिथे राहा. पण आलीस तर आतली खोली रिकामी केली आहे. पलंग भिंतीला लावलाय, खिडकीला जाड पडदा शिवून घेतलाय. मी खाली अक्काकडे झोपेन, मला मटार सोलता येतात आता. सकाळी दारापाशी पाणी आणि खायला ठेवून जाईन, टकटक करणार नाही. आणि काल बाजारातून एक नवी कडी आणली. पेचकस अजून तोच आहे. जरा तिरकी बसली, पण घट्ट लागते, मी आत उभा राहून लावून बघितली. आतल्या खोलीच्या दाराला आहे. आतून.

तुझाच, नळापाशी बसलेला,
बाबा